चित्रपटातला मूळ पोशाख ओळखायचा कसा? (नाशिक, एक किरमिजी अंगरखा)

जुनापेटारा | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. मी नाशिकचा. बारा-तेरा वर्षं सिनेमाच्या जुन्या वस्तू जमवतोय. पोस्टरं, लॉबीकार्डं, गाण्यांच्या चोपड्या यात आता बऱ्यापैकी नजर बसली आहे. कपड्यांच्या वाटेला मात्र कधी गेलो नव्हतो.

गेल्या आठवड्यात पंचवटीतल्या एका वाड्यातून निरोप आला. वाडा पाडायला काढलाय, माळ्यावरचं सामान निघतंय. मालकांचे आजोबा नाटक कंपन्यांना आणि तमाशाला कपडेपट भाड्याने द्यायचे. एका पेटाऱ्यात किरमिजी मखमलीचा अंगरखा निघाला. गळ्याला आणि छातीवर जरीच्या कोयऱ्या, आत मांजरपाटाचं अस्तर. १९६२ साली आलेल्या एका ऐतिहासिक मराठी चित्रपटात नायकाने हाच घातला होता, असं मालक सांगतात. चित्रपटाचं नाव मुद्दाम देत नाही, उद्या भाव वाढायचा.

सोबत निर्मात्याच्या लेटरहेडवरचं पत्र आहे, तारीख १९६१ ची. 'सदर अंगरखा आमच्या चित्रपटात प्रमुख नटाने वापरला असे प्रमाणित करण्यात येते.' खाली सही, शिक्का. मागणी ८५ हजार.

शंका तीन.

१. माझ्याकडे त्या चित्रपटाचा दरबाराच्या प्रसंगाचा एक स्थिरफोटो आहे. त्यात अंगरखा ज्या बाजूला बांधलाय त्याच्या बरोबर उलट्या बाजूला या अंगरख्याचे बंद आहेत.

२. डाव्या बगलेखालची शिवण मागून कधीतरी उसवून पुन्हा घातलेली दिसते.

३. नोटा तपासायची जांभळी बॅटरी मारली तर तीच शिवण लख्ख चमकते. बाकी कपडा अंधारात.

मला वाटतं सोडून द्यावं. पण हात निघत नाही.

---

रोखठोक | शनिवार, रात्री १०:४०

८५ हजारात एका माणसाचा घामट कोट? नवा शिवून घ्या, त्यावर पत्रही मी देतो, शिक्क्यासह.

---

शिंपीआळी | शनिवार, रात्री ११:२५

रोखठोक, तुमचं चालू द्या.

धागाकर्ते, दुसऱ्या शंकेचं आधी बोलतो. आमच्या तीन पिढ्या शिवणकामात गेल्या, त्यात वडिलांनी वीस वर्षं नाटकवाल्यांचे कपडे शिवले. भाड्याच्या कपड्याला एक नियम असतो: माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, भरपूर सोडायची. घरच्या सदऱ्याला अर्धा इंच, तर कपडेपटातल्या अंगरख्याला दोन-दोन इंच. कारण आज तो काटकुळ्या नटाला, उद्या ढेरपोट्या सरदाराला. बगल उसवायची, माया सोडायची किंवा खायची, प्रयोग झाला की पुन्हा पूर्ववत. उसवलेली शिवण दिसली म्हणून घाबरू नका. साठ वर्षांत एकदाही न उसवलेला भाड्याचा अंगरखा कुणी मला दाखवला, तर मी तो हातात न घेता परत करीन.

एक करा. माया उलटून आत जुन्या टाक्यांची भोकं किती ओळींत आहेत ती मोजा. मखमलीवर सुईची भोकं जन्मभर राहतात. तीन ओळी असतील तर तीन अंगं त्यात शिरली.

चमकणारा दोरा नंतरच्या दुरुस्तीचा असणार. मुख्य शिवणी, खांद्याची आणि पाठीची, त्यांचा दोरा कसला आहे ते बघा.

---

जुनापेटारा | रविवार, सकाळी ९:०५

शिंपीआळी काका, पहाटेच उलटून पाहिलं (मालकांनी दोन दिवसांसाठी विश्वासाने घरी दिलाय). भोकांच्या चार ओळी. खांद्याचा दोरा चमकत नाही.

---

गोदाकाठ | रविवार, सकाळी ९:५०

काडीची परीक्षा करा. मायेतून अर्धा सेंटीमीटर दोरा काढा, चिमट्यात धरून ज्योतीला लावा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख. रेशमाला केस जळल्याचा वास. पॉलिएस्टर आक्रसून वितळतं, टोकाला कडक मणी होतो. कपड्यापासून लांब करा, अंगणात.

या परीक्षेने मला एकदा वाचवलंय. १९०९ च्या २१ डिसेंबरला आपल्या विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग होता आणि अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला तिथे गोळ्या घातल्या, हे नाशिकच्या पोराटोरांना माहीत आहे. एक गृहस्थ 'त्या रात्रीच्या प्रयोगातली पगडी' घेऊन माझ्याकडे आले. कापड जुनं, घडी सुंदर, गोष्ट तर काय विचारूच नका. आतल्या पट्टीचा दोरा काडीला लावला आणि टप्पकन मणी झाला. १९०९ मध्ये पॉलिएस्टर! गृहस्थ म्हणाले, पट्टी नंतर बदलली असेल. म्हटलं असेल, मग गोष्टही नंतर बदलली असेल.

---

परदेशी_पाखरू | रविवार, सकाळी ११:३०

जांभळ्या बॅटरीबद्दल थोडं. चमक येते ती धुलाईच्या पावडरीतल्या आणि नंतरच्या काळात दोऱ्यात, कागदात घातलेल्या चकाकी आणणाऱ्या द्रव्यांमुळे. ही द्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. म्हणून १९३० च्या पोस्टराचा कागद निळसर पेटला तर ते नंतरचं छापील. पण कपड्याचं तसं सांगता येत नाही. १९२० चं धोतर कुणी १९८० साली टिनोपालमध्ये बुचकळलं असेल तर तेही चमकेल. चमकलं म्हणजे खोटं, असं नाही, आणि नाही चमकलं म्हणून खरं असंही नाही.

'मूळ वस्तू' या शब्दावरूनही एक गोष्ट. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधले ते लाल चमकते बूट. चित्रीकरणासाठी त्यांचे एकाहून जास्त जोड केले होते. एक जोड वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दुसरा २००५ मध्ये मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेला आणि २०१८ मध्ये सापडला. एफबीआयने तो खरा की नक्कल हे बघायला स्मिथसोनियनच्या संवर्धकांकडे नेला. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर काय, दोन्ही जोड्या विजोड! एकीतल्या बुटाचा खरा सोबती दुसरीत. म्हणजे संग्रहालयाच्या काचेतही इतकी वर्षं डावा एकाचा आणि उजवा दुसऱ्याचा होता, आणि तरी दोन्ही अस्सल. चोरीतून सुटलेला तो जोड डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात गेला, बोली २ कोटी ८० लाख डॉलरवर थांबली.

त्या बुटांवरच्या टिकल्यांचा गाभा जिलेटिनचा आहे. पाणी लागलं की फुगतो. तुमच्या अंगरख्यावर टिकल्या असतील तर ओल्या फडक्याने पुसू नका.

---

कापूसकोंड्याची_गोष्ट | रविवार, दुपारी १२:१०

वाचतेय. +१ शिंपीआळी. 'माया' शब्द आईच्या तोंडून ऐकल्यावर आज पुन्हा ऐकला.

---

येवलेकर | रविवार, दुपारी १:४५

जरीचं मी सांगतो, हातमागावरच्या घरातला आहे. तुमच्या अंगरख्याच्या मोठ्या केलेल्या फोटोत कोयऱ्यांची कड तांबूस पडलेली दिसते. सराफ बाजारात कसोटीवर घासून घ्या. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा ती खरी जर, जुनी झाली की काळवंडते. तांब्याच्या तारेची असेल तर मुलामा गेल्यावर तांबडी दिसते आणि घामाच्या जागी हिरवट डाग पडतात. प्लॅस्टिकच्या पट्टीची असेल तर काडी लावताच गोळा होतो, ती बरीच अलीकडची.

ग्राहक आमच्याकडे येऊन विचारतो, खरी जर आहे ना? तुमच्या बाबतीत मी उलटं विचारीन, खोटीच आहे ना? भाड्याच्या कपडेपटावर खरी जर कोण लावतो हो? प्रेक्षक बसणार वीस फुटांवर, कॅमेरा काळा-पांढरा. आणि चुकून खरी असती तर कपडा फाटल्यावर जाळून चांदी काढली असती, माळ्यावर सापडलाच नसता. खरी निघाली तर उलट मला शंका येईल, कुणीतरी नंतर जुन्या पैठणीचा काठ काढून त्यावर बसवला म्हणून. काठ-पदरातली बुट्टी मागून पुढून सारखीच स्वच्छ असेल तर हातमागाची. मागे दोऱ्यांचं जाळं लोंबत असेल तर यंत्रमागाची, किंवा अंगरख्यावर असेल तर सरळ भरतकामाची.

---

जुनापेटारा | सोमवार, रात्री ८:३०

ओळखीच्या सराफांकडे जाऊन आलो. तांबं. बगलेत हिरवट डाग आहेत, मी बुरशी समजत होतो. खांद्याचा दोरा सुती, राख झाली. बगलेचा दोरा मणी.

अस्तर नीट पाहिलं तर गळ्याच्या आत काळपट दोन आकडे आहेत, ४७. शाई वाटत नाही, कडा तपकिरी आहेत.

---

शिंपीआळी | सोमवार, रात्री ८:५५

बिब्बा! बिब्ब्याचं तेल काडीने लावून धोबी खूण करायचे. अंगाला लागलं तर फोड येतो आणि कापडावरून जन्मात जात नाही. पूर्वी कपडेपटवालेही नग मोजायला तीच खूण वापरत. ४७ हा नगाचा आकडा दिसतो. आजोबांची भाड्याची वही असेल तर शोधा. पत्रबित्र राहू द्या.

---

निवृत्त_छापखाना | सोमवार, रात्री ९:२०

पत्र राहू द्या कसं? पत्राचा फोटो टाका. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तिकिटं छापण्यात आयुष्य गेलं आहे, कागद बघितल्याशिवाय झोप लागत नाही.

---

जुनापेटारा | सोमवार, रात्री ९:४१

टाकलाय. नावं आणि सही झाकली आहेत.

---

निवृत्त_छापखाना | सोमवार, रात्री ९:५८

फार वेळ लागला नाही. पत्त्याच्या शेवटी 'मुंबई ४०००२८' आहे. पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. १९६१ च्या लेटरहेडवर फार तर 'मुंबई २८' असतं, दादरचा तेव्हाचा विभाग क्रमांक तोच. अकरा वर्षं आधी पिन कोड छापणारा निर्माता सिनेमात का पडला, ज्योतिष का नाही केलं?

असेच आणखी काही सापळे. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला आणि १९६४ पर्यंत पैशाला 'नये पैसे' म्हणायचे. १९५५ च्या पावतीवर नव्या पैशांचं तिकीट दिसलं की पावती ठेवा आणि वस्तू परत करा. सेन्सॉरचंही तसंच, 'यूए' हा प्रमाणपत्राचा प्रकार १९८३ मध्ये आला. १९७० च्या चित्रपटाच्या 'मूळ' पोस्टरावर यूए दिसलं तर ते पुनर्प्रदर्शनाचं. अक्षरछपाई (धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून केलेली) होती का ते कागदाच्या पाठीवरून बोट फिरवून कळतं, खिळ्यांचा दाब जाणवतो.

---

रोखठोक | सोमवार, रात्री १०:०२

बघा! पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' लिहिलंय तेव्हाच कळायला हवं होतं.

---

निवृत्त_छापखाना | सोमवार, रात्री १०:१५

ते नाही चालणार. १९९५ ला बदललं ते इंग्रजी नाव. मराठीत आपण आधीपासून मुंबईच लिहीत होतो.

---

जुनापेटारा | सोमवार, रात्री १०:३०

म्हणजे संपलं. उद्या परत देऊन येतो.

---

मोडीवाली | सोमवार, रात्री ११:४८

थांबा की! पत्र खोटं निघालं, अंगरख्याने काय केलंय? तांब्याची जर, सुती दोरा, बिब्ब्याची खूण, चार वेळा सोडलेली माया, ही सगळी बनवायला कुणाला पडली आहे? खोटारडा माणूस पत्र टाइप करून मोकळा होतो, कापडात चाळीस वर्षांचा घाम घालत बसत नाही.

आणि तो स्थिरफोटो एकदा नीट बघा. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटो ढिगाने असतात. त्यात कुणी बाई आहे का? नथ कुठल्या नाकपुडीत आहे?

---

जुनापेटारा | मंगळवार, सकाळी ७:१०

रात्रभर झोप नाही. राणीसाहेबांच्या मागे दासी उभी आहे, नथ उजव्या नाकपुडीत. सरदारांच्या तलवारीही उजव्या कमरेला.

फोटो उलटा छापलाय!! मोबाइलवर आरशासारखा फिरवला आणि बंद बरोबर त्या बाजूला आले.

---

कापूसकोंड्याची_गोष्ट | मंगळवार, सकाळी ७:३०

नथीने केस जिंकली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत!

---

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ८:४०

आता कोयऱ्या जुळवा. हाताने भरलेल्या दोन कोयऱ्या कधी सारख्या नसतात, तोच तुमचा अंगठ्याचा ठसा. रंगाच्या नादी लागू नका, काळ्या-पांढऱ्यात किरमिजी, हिरवा आणि निळा सगळे एकाच राखाडीत जाऊन बसतात. आकार, अंतर, चूक एवढंच बघा. चूक सापडली तर सोन्याहून पिवळं. सगळं बरोबर असलेल्या गोष्टीची नक्कल करता येते, चुकीची करायला आधी ती दिसावी लागते.

---

जुनापेटारा | बुधवार, रात्री ९:१५

चूक सापडली.

गळ्यापासून खाली मोजत गेलं की सातव्या कोयरीची शेपटी बाकीच्यांच्या उलट वळली आहे. एवढ्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. फोटो बाराशेच्या रेझोल्यूशनवर स्कॅन करून फिरवला. नायकाच्या अंगावर बघितलं, सगळ्या कोयऱ्या सरळ. मन खट्टू झालं. मग नजर मागे गेली. नायकाच्या डावीकडे, दुसऱ्या रांगेत उभा असलेला मिशीवाला सरदार. गळ्यापासून सातवी कोयरी उलटी.

म्हणजे अंगरखा त्याच दरबारातला आहे. फक्त घालणारा नायक नाही, त्याचं नाव श्रेयनामावलीतही नाही.

---

रोखठोक | बुधवार, रात्री ९:२२

८५ हजाराचे साडेआठशे झाले म्हणायचे.

---

मोडीवाली | बुधवार, रात्री ९:४०

वही मिळाली का?

---

जुनापेटारा | गुरुवार, रात्री ११:००

मिळाली. रद्दीवाल्याच्या ढिगात होती, मालक म्हणाले 'ती घ्या तशीच, मोडीत आहे, कुणाला वाचता येतेय.' लाल कापडी बांधणीची खतावणी. ४७ आकडा असलेल्या पानांचे फोटो टाकतोय. मोडीवाली ताई, तुमच्या हवाली.

---

मोडीवाली | शुक्रवार, दुपारी ४:२०

लेखकाचं वळण जलद आहे, काना-मात्रा गिळलेत, पण लागलं. जसं आहे तसं देते:

'पौष शुद्ध ५ शके १८८२. आंगरखे मखमल किरमिजी नग ६, नं ४७ ते ५२. कोल्हापूर, शिनेमा.'

शके १८८२ चा पौष म्हणजे डिसेंबर १९६०. १९६२ च्या चित्रपटाला अगदी बसतं. नायकासाठी असता तर नग एक-दोन गेले असते. सहा गेलेत म्हणजे सरदारांचा ताफा.

पुढे त्याच ओळीखाली: 'चैत्रात परत, नग ५, एक गहाळ, पैसे वळते.' नंतर ४७ नंबर एकटा चार ठिकाणी दिसतो. दोनदा नारायणगावला तमाशाकडे, एकदा 'ग्यादरिंग' असं लिहून एका शाळेकडे, एकदा लग्नाच्या वरातीला (!).

---

शिंपीआळी | शुक्रवार, संध्याकाळी ६:०५

भोकांच्या चार ओळी.

---

परदेशी_पाखरू | शुक्रवार, रात्री ८:१०

हे भारी आहे. इकडे लिलावात वस्तूबरोबर चकचकीत प्रमाणपत्र देतात, होलोग्राम लावून. मीही एकदा एक तलवार घेतली अशा प्रमाणपत्रावर. मूठ रबराची निघाली तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं, ती मारामारीच्या दृश्यातली आहे. असेलही, मारामारीला रबरी आणि जवळच्या दृश्याला धातूची करतातच. पण जाहिरातीत जवळच्या दृश्याचा फोटो होता. प्रमाणपत्र कुणी दिलं तर त्याच विकणाऱ्याने. तुमच्या वहीला होलोग्राम नाही, पण ती लिहिणाऱ्याला १९६० मध्ये तुम्हाला काही विकायचं नव्हतं.

---

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ८:४५

अवांतर, पण नाशिककरांसाठी. फाळके त्र्यंबकेश्वरचे, १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर हिंदुस्थान फिल्म कंपनी त्यांनी नाशकातूनच चालवली आणि १९४४ साली इथेच गेले. त्यामुळे गावात दर तिसऱ्या वाड्यात 'फाळक्यांचा कॅमेरा' आहे. तो विकत घ्यायच्या आधी त्यावरचा कंपनीचा क्रमांक वाचा एवढंच.

कॅमेऱ्याऐवजी रिळांचा डबा सापडला तर मात्र कृपा करून काडीची परीक्षा करू नका. १९५० च्या आधीची बरीच फिल्म नायट्रेटची, पेटली तर पाण्याखालीही विझत नाही. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती नंतरची, ॲसिटेटची. दोन्ही घरात ठेवायच्या वस्तू नाहीत, पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा.

---

जुनापेटारा | रविवार, सकाळी १०:३०

काल वाड्यावर गेलो. पिन कोडचं सांगू की नको असं झालं होतं, पण सांगितलं. मालक थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "वडिलांनी करून घेतलं ते, पंच्याऐंशी-शहाऐंशीला. मुंबईहून एक गिऱ्हाईक आलं होतं, कागद असेल तर घेतो म्हणालं. कागद केला, पण गिऱ्हाईक परत आलंच नाही." वहिनींनी आतून चहा पाठवला. त्यांना म्हणे यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग वही उघडून त्यांना त्यांच्या आजोबांची ओळ वाचून दाखवली. ती त्यांनी दोनदा वाचायला लावली. व्यवहार १८ हजारांना झाला. वहीची मूळ प्रत त्यांनी ठेवून घेतली, मला सगळ्या पानांचे फोटो आणि ४७ नंबरच्या नोंदींची त्यांच्या सहीची नक्कल. रद्दीत टाकलेली वही आता देवघराच्या कपाटात गेली आहे.

खोटं पत्रही मागून आणलं. फाडू का?

---

निवृत्त_छापखाना | रविवार, सकाळी १०:५५

अजिबात नाही. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा: 'हे १९८५ च्या सुमारास केलेलं, पिन कोड पाहावा.' तुमच्यानंतर कुणीतरी ते खरं समजून विकेल.

---

शिंपीआळी | रविवार, सकाळी ११:२०

हँगरला लटकवू नका, मखमलीच्या वजनाने खांदे फाटतात. जुन्या धुतलेल्या मलमलीत आडवा ठेवा, घडीत मलमलीची वळकटी घाला म्हणजे मोड पडणार नाही. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. जरीला अत्तर, डांबरगोळी काही लागू देऊ नका. आणि बगलेचा तो चमकणारा दोरा बदलायचा मोह होईल, बदलू नका.

---

जुनापेटारा | रविवार, सकाळी ११:३२

काका, शेवटचा प्रश्न. सातवी कोयरी उलटी का असेल?

---

शिंपीआळी | रविवार, सकाळी ११:५०

सहावीनंतर जेवायची सुट्टी झाली असेल. उठताना कापड फिरवून ठेवलं, परत बसताना तसंच हातात घेतलं. माझ्याकडूनही झालंय.